कबरींच्या रविवारी लावलेला सामना

किलब्रॅना,
मंगळवार, १४ ऑगस्ट

तीर्थरूप अट्रॅक्टा आत्यास,
भाची डर्व्हला हिचा गुडघे टेकून नमस्कार.

आत्या, रविवार कोणाचा असतो? मला याचं उत्तर माहीत नाही, हे सुरुवातीलाच कबूल करते, म्हणजे पुढे तुझी निराशा व्हायला नको. तू नन आहेस, तेव्हा तू क्षणभरही न थांबता 'देवाचा' म्हणशील. बाबा म्हणतात, क्लबचा. आमच्या काउंटी संघाचे व्यवस्थापक क्रॉटी म्हणतात की रविवार तर त्यांचाच, शिवाय शनिवार आणि मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळीही त्यांच्याच. (देवानं निदान एकाच दिवसावर समाधान मानलं होतं.) आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा टोपी-झग्यातला फोटो बाबांनी टीव्हीच्या वर लावलाय, आणि ती गणितातली पदवीधर चार महिने हा एकच प्रश्न सोडवत बसली आहे. उत्तर दर आठवड्याला वेगळं येतं.

तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या मिशनचा फोन जूनपासून बंद आहे, तो सुरू झाला का? झांबियात थंडी असते हे मी बाबांना सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना. तरी त्यांनी लोकरीचे मोजे पाठवलेत. इकडे सर्व ठीक. बाबांची पाठ धरलेली आहे, पण ती सामन्याच्या दिवशी आपोआप सुटते. माझ्या भावाची, फिआक्राची, डावी करंगळी मोडली, पण काठ्यांनी हर्लिंग खेळणाऱ्याची करंगळी दर उन्हाळ्यात मोडतेच, तेव्हा त्याची तब्येत उत्तम समजावी.

आता बातमी. जानेवारीपासून मी काउंटी समितीची सामना-चिटणीस आहे. म्हणजे सेहेचाळीस क्लबांचे सगळे सामने कधी आणि कुठे व्हायचे, ते मी ठरवते. एकतीस वर्षं हे काम ख्रिस्टी मलक्वीन करायचे. त्यांनी बैठकीत राजीनामा दिला तेव्हा सगळं सभागृह बुटांकडे बघू लागलं. मी हात वर केला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सैन्यात भरती झाले. पण आत्या, मला खरंच वाटत होतं (अजूनही वाटतं) की यात मोठा अन्याय आहे. सगळ्या क्लबांतून निवडून काउंटी संघात तीस मुलं घेतात. त्यांच्यासाठी बाकीचे दोन हजार जण, आपले प्लंबर, शिक्षक, दूधवाले, अख्खा उन्हाळा काठ्या घेऊन वाट बघत बसतात, लग्नाची तारीख ठरवत नाहीत, सुट्टीला जात नाहीत, कारण काउंटीचं काय होतंय ते कळेपर्यंत क्लबचा सामना लागत नाही. मी त्यावर अकरा मिनिटं भाषण केलं. जोरदार टाळ्या पडल्या. (मागच्या दारातून चहाचा ट्रे आत आला होता, हे मला नंतर कळलं.)

मग मी तक्ता केला. सेहेचाळीस ओळी, तीस रविवार, सहा रंग. आपल्या बैठकीच्या खोलीची भिंत पुरली नाही म्हणून तो कोपऱ्यात वळवून खिडकीपर्यंत नेला. या तक्त्यात एक गृहीत होतं, ते मी फक्त तुला सांगते: काउंटी संघ जूनमध्ये हरेल. हे द्रोहाचं वाटेल, पण गेल्या बावीस वर्षांचा पुरावा माझ्या बाजूनं होता. आणि जूनमध्ये काउंटी अकरा गुणांनी हरलीही. त्या दिवशी स्टँडमध्ये सुटकेचा निःश्वास टाकणारी मी एकटीच असेन. पण हरलेल्यांना पुन्हा आत घेणारं ते मागचं दार असतं ना, त्यातून आमची काउंटी शिरली ती शिरलीच. एक सामना जिंकली, दुसरा जिंकली, तिसरा बरोबरीत सोडवून पुन्हा खेळली आणि तोही जिंकली. प्रत्येक विजयासरशी माझ्या तक्त्यातला एकेक रविवार गळत गेला.

तरी तो तिसरा सामना तू बघायला हवा होतास. आपला फिआक्रा, सकाळी सहाला गोठा धुऊन, दोन अंडी खाऊन बसमध्ये बसलेला मुलगा, तीस हजार माणसांसमोर चार काठ्यांच्या मधून हात घालून चेंडू आकाशातून असा काढून घेतो जशी तू झाडावरून नासपती काढायचीस. मी ओरडले, रडले, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले, आणि गळ्यात पडल्या पडल्या मला आठवलं की याचा अर्थ तेवीस सामने रद्द. तो माणूस माझी समजूत काढत होता, "अगं जिंकलो आपण, जिंकलो!" मी म्हटलं, "तेच तर."

त्यात क्रॉटींचा तेरा दिवसांचा नियम. काउंटीच्या सामन्याआधी तेरा दिवस काउंटीच्या कुठल्याही खेळाडूनं क्लबसाठी खेळायचं नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही (मी पुस्तक वाचलंय, इंग्रजीतलंही आणि आयरिशमधलंही), पण तो सर्वांना पाठ आहे. काउंटी जिंकतच गेल्यामुळे एक तेरवडा दुसऱ्याला चिकटत गेला आणि फिआक्रा एप्रिलपासून किलब्रॅनाच्या जर्सीत दिसलेला नाही.

आणि किलब्रॅनाची अवस्था तू गेलीस तेव्हापेक्षा वाईट आहे. संघाला पंधरा लागतात, आणि आपले फिआक्राला धरून साडेपंधरा. (अर्धा म्हणजे पॅकी लोहान, कबरी खणणारा. वय बावन्न, अर्ध्या सामन्यानंतर तो उभा राहतो, पण हलत नाही.) यंदा सर्वांत खालच्या वर्गात आपण तळाला, आणि आपल्याच बरोबरीनं तळाला डूनकारा, आईचं माहेर. दोघांत एक सामना. हरेल त्या क्लबचं नाव पुसलं जाणार आणि त्याला शेजारच्या क्लबात विलीन व्हावं लागणार. शेजारी कोण? तर जिंकलेला. म्हणजे हरणाऱ्यानं पुढच्या वर्षी, ज्यानं हरवलं त्याचीच जर्सी अंगात घालायची. बाबा क्लबचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, डूनकाराचा पिवळा रंग घालण्यापेक्षा मी शवपेटी घालीन.

जुलैअखेर मला अखेर एक रिकामा रविवार सापडला, बारा ऑगस्ट. मी तेवीसच्या तेवीस सामने त्या एका दिवशी लावले. आपल्या क्लबचा सामना लावताना पक्षपात होऊ नये म्हणून मी किलब्रॅनाच्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. हातानं झाकून घेतली. कार्यक्रम सर्व क्लबांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले आणि त्यांनी आपल्या ताटातला बेकनचा तुकडा माझ्या ताटात ठेवला. आत्या, तू त्यांची बहीण आहेस, हे किती गंभीर आहे ते तुला सांगायला नको. मग म्हणाले, "पदवी वाया नाही गेली हो." फिआक्रा खाली बघून हसत होता. मी विचारलं, काय झालं? बाबांनी डोळा मारला. माझ्या जन्मात मी बाबांना डोळा मारताना पाहिलं नव्हतं. "बारा तारीख! मला चाळीस वर्षांत सुचलं नसतं." बारा तारखेला काय आहे, असं मी विचारल्यावर ते इतके हसले की त्यांची पाठ पुन्हा धरली.

बारा तारखेला आपल्या कबरींचा रविवार होता.

वर्षातून एक दिवस, ज्या दिवशी फादर आपल्या दफनभूमीतल्या प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात, डब्लिनहून, लंडनहून माणसं येतात, ज्यासाठी बाबा आठवडाभर आईच्या कबरीवरची खडी उपसून, धुऊन परत घालतात, त्या दिवशी मी, त्याच आईच्या मुलीनं, दुपारी दोन वाजता सामना लावला होता. आणि अख्ख्या गावाचा ठाम समज असा झाला की मी हे मुद्दाम केलं. कारण कबरींच्या रविवारी सामना होऊच शकत नाही. तो पुढे ढकलावाच लागणार. पुढे म्हणजे काउंटीचा एकोणीस तारखेचा उपांत्य सामना उरकल्यावर. आणि तेव्हा फिआक्रा मोकळा. दुकानात ब्रेड घ्यायला गेले तर बाई पैसे घेईनात. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. माझ्या मूर्खपणाला इतका मान मिळालेला मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी डूनकाराच्या चिटणीस फिलोमिना गॅरिही यांचा फोन. आईची शाळेतली मैत्रीण म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. त्या संतापलेल्या असतील म्हणून मी फोन कानापासून लांब धरला, तर आवाजात कौतुकच. "वा गं वा! तुझी आई साधी होती बिचारी. हे डोकं कुणाचं घेतलंस?" मी म्हटलं, मावशी, शपथेवर सांगते, चूक झाली. त्या म्हणाल्या, "अगदी असंच म्हणायचं. शेवटपर्यंत असंच म्हणत राहा." त्यांचा कोल्मही काउंटीतच आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं; सामना पुढे गेला तर तोही सुटणार. पण लोकांना न्यायापेक्षा डाव जास्त आवडतो.

तेव्हा मी ख्रिस्टीकाकांकडे गेले. ते बटाटे सोलत होते. त्यांचा तक्ता मी पहिल्यांदाच पाहिला: गुरांच्या खाद्याच्या दुकानातलं फुकट कॅलेंडर, त्यावर पेन्सिलीची टिंबं. मला आधी हसू आलं. मग त्यांनी सुरीच्या टोकानं दाखवायला सुरुवात केली. "या रविवारी डूनकाराचे चार भाऊ मुरघास कापणार, म्हणजे चार गेले. इथं पंच हॅनलीच्या भाचीचं लग्न. पंच आपले चार गोलपंच घरूनच आणतो, पांढरे कोट घातलेले सख्खे भाऊ. नवरी एक, पण गेले पाच." मी विचारलं, हा दुमडलेला कोपरा कसला? "तो गाईचा. सामन्याचा नाही." जरा थांबून म्हणाले, "नाही नाही, सामन्याचाच. ती गाय व्याली की त्यांचा गोलरक्षक दोन दिवस झोपत नाही."

एकतीस वर्षं, आत्या! काउंटीतल्या प्रत्येक गोठ्यात त्यांची छोटी गाडी गेलेली. (कशासाठी, ते तुला कळेलच; नन असलीस तरी तू शेतकऱ्याची मुलगी आहेस. वळू पाळणं परवडेना तेव्हापासून निम्म्या गाई त्यांच्याच डब्यातून गाभण राहिल्या आणि लोक त्यांना 'टोपीवाला वळू' म्हणत.) गोठ्यात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलेलं: कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला जाणार, कुणाची आई शेवटच्या घटका मोजतेय. मी जे सहा रंगांत मांडायला बघत होते ते सगळं त्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्यानं त्याबद्दल कधी कुणाकडे एक शब्द काढला नव्हता. मी तिथे एका देवळात बसल्यासारखी बसले होते. ते म्हणाले, "तुझ्या संगणकाला विचारलंस का, तुझी आई कुठं पुरलीय म्हणून?" बटाट्याकडेच बघत, अगदी मऊ आवाजात. सेहेचाळीस ओळी आणि तीस रकाने, आणि त्यात मेलेल्यांसाठी एकही नव्हता.

सामना पुढे ढकलला तर मी लबाड ठरणार होते. नाही ढकलला तर जिवंत माणसांना त्यांच्या मृतांपासून ओढून आणणारी. मी ढकलला नाही. फक्त वेळ दोनवरून पाचवर नेली: आधी कबरी, मग काठ्या. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नऊ दिवस ते कुत्र्याशी बोलत आणि मी ऐकायचं. "शेप, या घरात कुणाला क्लबची पर्वा आहे का रे?" शेप माझ्याकडे बघायचा. बेकन अर्थातच बंद.

मग तो रविवार आला. तीन वाजता दफनभूमी माणसांनी भरली. आपली मुलं कोटाखाली जर्सी घालून आपापल्या आजोबांपाशी उभी. फिआक्रा मात्र सूट घालून, कारण त्याला खेळता येणार नव्हतं. तो आईच्या कबरीपाशी हात मागे बांधून उभा होता आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. फादरनी नावं वाचायला सुरुवात केली आणि रस्त्यावर गाड्यांचे आवाज यायला लागले. एक, दोन, मग संपायलाच तयार नाहीत. डूनकारा आलं होतं. संघ, राखीव खेळाडू, म्हाताऱ्या, बाळं, सगळं डूनकारा. मला वाटलं आता भांडण होणार, आणि चिटणीस म्हणून मी पुढेही झाले. पण फिलोमिनामावशी माझ्या बाजूनं सरळ आत गेल्या आणि आईपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून एकेक जण आला आणि पांगला. प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते ठाऊक होतं! शंभर वर्षं डूनकाराच्या मुली किलब्रॅनात दिल्या गेल्या आहेत, आत्या. त्यांच्या बहिणी, आत्या, मावश्या आपल्या जमिनीत आहेत. त्यांचा आघाडीला खेळणारा तो दांडगा गडी, ज्यानं मार्चमध्ये आपल्या एकाचा दात पाडला होता, तो त्या दात पडलेल्याच्याच शेजारी, एकाच कबरीपाशी मान खाली घालून उभा. दोघांची पणजी एक. फादरनी पाणी शिंपडलं ते पिवळ्यावरही पडलं आणि हिरव्यावरही. मी माझ्या तक्त्याबद्दल विचार करत होते आणि मला फार लहान झाल्यासारखं वाटत होतं, पण वाईट नाही, उंच डोंगरासमोर वाटतं तसं.

त्यानंतर सगळ्यांनी हॅमची सँडविचेस खाल्ली आणि पाच वाजता एकमेकांना मारायला सुरुवात केली.

असा सामना मी पुन्हा बघणार नाही. (अगं, बघावा लागणारच आहे, ते पुढे येतंय.) पंधरावा म्हणून पॅकी लोहान. सकाळपासून कबरींवर राबलेला तो माणूस, पण त्यानं गोलासमोरून तीन चेंडू परतवले, त्यातला एक कपाळानं. तारेच्या कुंपणाबाहेर फिआक्रा आणि डूनकाराचा कोल्म, दोघंही सुटात, आपापल्या संघाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन शेजारी शेजारी उभे. दोघांचेही हात काठी धरल्यासारखे वळत होते. पन्नासाव्या मिनिटाला फिआक्रानं तारेवर डोकं टेकलं. कोल्मनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "रड लेका, पण आवाज करू नकोस, टीव्हीवाले आलेत." टीव्हीवाले आले नव्हते. शेवटच्या फटक्याला डूनकारानं गुण केला आणि शिट्टी झाली. बरोबरी. चौदा-चौदा.

मग मैदानावरची सहाशे माणसं, हिरवी आणि पिवळी, एकदमच वळली आणि माझ्याकडे बघू लागली.

नियमानुसार बरोबरीचा सामना सात दिवसांत पुन्हा खेळवावा लागतो. एकोणीसला सगळी काउंटी डब्लिनला. मंगळवार-गुरुवार क्रॉटींचे, शुक्रवार-शनिवार तिकडे निघण्याच्या घाईचे. राहिला बुधवार, उद्याचा, पंधरा तारीख, मरियामातेचा सण, संध्याकाळी सात. पुढे ढकलायला फक्त क्लबात कुणाचा तरी मृत्यू चालतो, आणि बाबा काल दिवसभर गावातल्या वृद्धांच्या तब्येतीची फार आस्थेनं चौकशी करत फिरत होते. पॅकीचं कपाळ टाके घातलेलं आहे. म्हणजे साडेचौदा, तेही मोजण्यात उदारपणा केला तर. डूनकाराचे दोन जखमी. दोन मरायला टेकलेले क्लब, आणि दोघांची उत्तम मुलं तारेबाहेर.

पण मी चिटणीस आहे. कोणता खेळाडू काउंटीनं सोडावा, हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि मी वशिल्याच्या संपूर्ण विरुद्ध आहे, हे तू जाणतेसच. अन्याय दोन्ही बाजूंना सारखा आहे यात समाधान मानून मी तटस्थ राहायचं ठरवलंय. बाबांना तुझी फार आठवण येते, ते असं शेपला सांगत होते.

तुझ्या आशीर्वादाची इच्छुक,
डर्व्हला

ता. क. झांबियाला जाण्यापूर्वी तू बाजारगावच्या कॉन्व्हेंटमध्ये तिसरीला शिकवायचीस. तुझ्या वर्गात खिडकीजवळ एक मुलगा बसायचा, डेस्मंड क्रॉटी, अक्षर फार वाईट. तोच हा व्यवस्थापक. मला ख्रिस्टीकाकांनी सांगितलं. नन दिसली की तो अजून रस्ता ओलांडतो म्हणे. तुझा फोन चालू असता तर मी तुला फक्त एक वाक्य त्याला बोलायला सांगितलं असतं.

ता. क. दुसरा. पण तुझा फोन बंद आहे आणि पत्राला अकरा दिवस लागतात.

ता. क. तिसरा. म्हणून तुला कळावं की काल, सोमवारी संध्याकाळी सात वाजता (तुमच्याकडे आठ), तू मला निरोप दिलास. मी तो क्रॉटींना फोनवर सांगितला: "डेस्मंड, मुलांना त्यांच्या घरच्यांसाठी खेळू दे." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "सिस्टर आहेत अजून?" मी म्हटलं, आहेत, तुमची आठवण काढतात. "काय म्हणतात?" मी म्हटलं, अक्षर सुधारलं का, विचारत होत्या. "सुधारतोय म्हणावं." मी फादरकडे याची कबुली देऊन आले. त्यांनी प्रायश्चित्त फारच हलकं दिलं आणि सामना नक्की किती वाजता, ते विचारलं. क्रॉटींचं पत्र आलं तर तारीख-वेळ नीट लक्षात ठेव. फिआक्रा आणि कोल्म, दोघांनाही उद्यापुरतं सोडलंय. पंचांच्या यादीत दोन्ही नावं मी आज सकाळी नऊ वाजता माझ्या हातानं लिहून दिली.